रेड रिव्हरचा १८५२ चा पूर, नदीकाठचं मिशन आणि आपली सांगलीची फूटपट्टी

गावभागवाली

सांगलीच्या माणसाला पूर फुटांतच कळतो. "आयर्विनला किती?" (म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या फूटपट्टीला) एवढं विचारलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. ४० ला इशारा, ४५ ला धोका. त्यापुढे प्रत्येकाचा आपापला आकडा असतो: आमच्या गल्लीच्या तोंडाशी कितीला, शाळेच्या पायरीला कितीला, आमच्या ओट्याला कितीला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्या वर गेलं. मी तेव्हा कॅनडात, विनिपेगला होते आणि रात्रभर फोन कानाला लावून फक्त आकडे ऐकत होते.

गंमत म्हणजे विनिपेगची नदीसुद्धा फुटांतच मोजतात. या देशात दूध लिटरमध्ये, थंडी सेल्सियसमध्ये, रस्ता किलोमीटरमध्ये. रेड रिव्हर मात्र "जेम्स अॅव्हेन्यूला इतके फूट". पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसूच आलं. म्हटलं, आलो परत माहेरी.

दर एप्रिलमध्ये इथे नदीकडे डोळे लागतात. ही नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, खोट इथेच आहे. खाली अमेरिकेत, डकोटा-मिनेसोटात, बर्फ आधी वितळतं आणि पाणी निघतं उत्तरेला, जिथे नदी अजून गोठलेलीच असते. पुढे बर्फाच्या लाद्या अडकलेल्या, जमीन आतून गोठल्यामुळे मुरायला जागा नाही, आणि खोरं म्हणजे एका प्राचीन हिमसरोवराचा तळ. ताटासारखं सपाट म्हणतात. ताटाला निदान काठ असतो, इथे तोही नाही.

गेल्या महिन्यात शहराच्या उत्तरेला सेंट अँड्र्यूज नावाचं जुनं दगडी चर्च पाहायला गेलो होतो. १८४९ मध्ये पूर्ण झालेलं, पश्चिम कॅनडातलं अजून उपासना चालू असलेलं सगळ्यात जुनं दगडी चर्च. गुडघे टेकायच्या बैठकांवर अजून गव्याचं कातडं आहे. लेकीने हात लावून पाहिलं आणि शाळेत सांगण्यासारखं काहीतरी मिळाल्याचा आनंद तिच्या तोंडावर दिसला. मी मात्र बाहेर येऊन नदीकडे बघत बसले. काठ चांगलाच उंच आहे. सांगलीची सवय, कुठेही गेलं की आधी 'इथे पाणी येईल का' हे बघायचं.

घरी येऊन वाचत गेले आणि १८५२ च्या पुरापाशी पोचले. तेव्हा विनिपेग नव्हतंच. रेड आणि असिनिबॉइन नद्यांच्या संगमाजवळ हडसन्स बे या फरच्या व्यापारी कंपनीचा किल्ला आणि दोन्ही काठांनी पसरलेली वस्ती. प्रत्येकाला नदीचं तोंड हवं, म्हणून जमिनीच्या अरुंद पट्ट्या पाडलेल्या: पुढे नदी, मागे मैल-दोन मैल शेत. घर अर्थातच नदीला चिकटून. पश्चिम काठावर सेंट जॉन्स, सेंट पॉल्स, सेंट अँड्र्यूज अशी अँग्लिकन मिशनची चर्चं ओळीने. पलीकडच्या काठावर सेंट बोनिफेसला कॅथलिक मिशन आणि १८४४ मध्ये मॉन्ट्रियलहून होडीने आलेल्या ग्रे नन्स.

डेव्हिड अँडरसन हे तिथले पहिले अँग्लिकन बिशप. १८४९ मध्ये आले. विधुर, बरोबर तीन मुलगे आणि बहीण. तिसऱ्याच वर्षी नदीने पाणी दाखवलं. त्या दिवसांत त्यांनी रोजच्या नोंदी ठेवल्या आणि त्याच वर्षी लंडनमध्ये त्यांची छोटी पुस्तिका निघाली. एप्रिलच्या शेवटी नदी फुगायला लागली. आज एवढं, उद्या तेवढं. आपल्याकडे धरणाचे दरवाजे उघडले की रात्रीत गल्ली भरते, तसं नाही. हे पाणी चालत येतं. माणसाला विचार करायला वेळ देतं, आणि तो वेळच घातकी असतो. धान्य माळ्यावर चढवायचं, गुरं टेकडीकडे हाकायची, बियाण्याचा गहू आधी न्यायचा की म्हातारी माणसं? पेरणीचे दिवस, शेतात उभं पाणी. लोक स्टोनी माउंटन आणि बर्ड्स हिल या दोन उंचवट्यांवर तंबू टाकून राहिले. उंचवटे म्हणजे तरी किती? कोल्हापूरकर त्यांना टेकडी म्हणणार नाही. घरं, गोठे, कुंपणं डोळ्यांदेखत वाहून गेली. शेवटी बिशपनाही घर सोडावं लागलं. मे महिन्याचा मोठा भाग असाच गेला, मग पाणी उतरायला लागलं.

मला धरून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीने. या वस्तीने १८२६ मध्ये याहून मोठा पूर पाहिला होता. म्हणजे २६ वर्षं. तेव्हाची तरुण पोरं आता घरातली कर्ती माणसं होती. कुठून निघायचं, कुठल्या टेकडीवर जायचं, गुरं कुठे जगतात हे त्यांना आठवत होतं. कंपनीचा गव्हर्नर जॉर्ज सिम्प्सन तर १८२६ नंतर इतका धसकला की १८३० मध्ये त्याने नवा दगडी किल्ला प्रवाहाच्या दिशेने खाली, म्हणजे उत्तरेला, उंच काठावर बांधायला घेतला. लोअर फोर्ट गॅरी, अजून उभा आहे. सेंट अँड्र्यूजही त्याच बाजूला. १८५२ ला पाणी १८२६ च्या खुणेपर्यंत पोचलं नाही, आणि ज्यांना जुनी खूण ठाऊक होती ते वाचले.

माझा प्रश्न असा की पुराची आठवण माणसाला वाचवते, असं सरसकट म्हणता येईल का? सांगलीतला माझा अनुभव नेमका उलटा आहे. तुमच्या घरात असं 'सांगितलेलं पाणी' आहे का?

---

आंबोळी

वाचतेय. एक शंका, 'मिशन' म्हणजे नेमके कोण लोक? सगळे गोरेच का?

---

गावभागवाली

@आंबोळी, नाही, आणि हे मी आधीच लिहायला हवं होतं. थोडे स्कॉटिश शेतकरी, १८१२ पासून येऊन राहिलेले. पण मिशनच्या मंडळीत मोठा भरणा होता तो कंपनीतून निवृत्त झालेली माणसं, त्यांच्या क्री आणि सोटो या तिथल्या मूळ जमातींतल्या बायका आणि त्यांची मुलं यांचा. आणि सगळ्यात खाली, नदीच्या मुखाच्या दिशेने, सेंट पीटर्स. तिथे सोटो प्रमुख पेग्विस यांचे लोक. सुरुवातीच्या वर्षांत उपाशी मरायला टेकलेल्या स्कॉटिश लोकांना याच पेग्विसनी हात दिला होता. पुढे ते ख्रिस्ती झाले. १८६४ मध्ये वारले, सेंट पीटर्सच्या चर्चच्या आवारातच त्यांची कबर आहे.

---

संगमावरचा

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या सोप्याच्या भिंतीत आहे.

२००५ ला पाणी आमच्या उंबऱ्याला टेकलं आणि परत गेलं. अण्णांनी तिथे खिळा मारला. पोरासोरांना दाखवायचे, "एवढं आलंतं, कृष्णामाईनं पाय धुतलं आणि गेली." चौदा वर्षं तो खिळा म्हणजे आमच्या घराचा देव. २०१९ ला लोक बाहेर पडायला लागले तेव्हा अण्णा म्हणाले, खिळ्याच्या वर हातभर सामान चढवा, बास. आम्ही पलंगावर पलंग रचले, गव्हाची पोती त्यावर, टीव्ही त्याच्यावर. म्हशी तेवढ्या आदल्या दिवशी पाहुण्यांकडे मिरजेला पाठवल्या, ती एक अक्कल सुचली. दुसऱ्या रात्री पाणी खिळा ओलांडून गेलं आणि थांबायचं नावच घेईना. होडी आली तेव्हा अण्णा माळ्यावर बसून "जरा थांबा, उतरतंय" म्हणत होते. उतरत काही नव्हतं. त्यांना अक्षरशः उचलून होडीत घातलं.

त्या दोन-तीन दिवसांत ब्रह्मनाळला होडी उलटली. आम्ही आमच्या होडीत बसताना ते घडलेलं नव्हतं. नाहीतर अण्णा मुळीच बसले नसते.

तर तुमच्या बिशपच्या गावात जुना पूर मोठा होता म्हणून आठवण कामाला आली. आमच्याकडे जुना पूर लहान निघाला. खिळा तोच, बाजू उलटी.

---

टीएमसी

मूळ कारण कर्नाटकातलं अलमट्टी धरण आहे हे कुणी लिहीत नाही. तिथली उंची वाढवली की सांगली बुडणार. कॅनडाच्या गप्पा बास.

---

भूजल

@टीएमसी, २०१९ च्या पुरावरचा वडनेरे समितीचा अहवाल आधी वाचा.

---

टीएमसी

वाचलाय. म्हणून तर म्हणतोय.

---

गावभागवाली

अलमट्टीवर आधीच दोन धागे आहेत आणि दोन्ही भांडून बंद पडलेत. कृपया तिकडे. 🙏

@संगमावरचा, "खिळा तोच, बाजू उलटी" हे मी इथल्या नवऱ्याला, म्हणजे माझ्याच नवऱ्याला, वाचून दाखवलं. तो अभियंता आहे, त्याला म्हटलं हे जोखमीच्या गणितात बसव.

---

चिंचबन

माझं आजोळ मिरजेचं. आजी मिशन हॉस्पिटलात परिचारिका होती, म्हणून लिहिते.

डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये आपल्या भागात आले, १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल उभं राहिलं. पुढे वैद्यकीय शाळा, कुष्ठरोग्यांचं रुग्णालय, सांगली-मिरज रस्त्यावर क्षयरोग्यांसाठी वानलेसवाडी. मिरज रेल्वेचं गाव आणि कृष्णेपासून जरा हात राखून. आजी म्हणायची, "मिशनने आम्हाला अक्षर दिलं आणि कोरडी जागा दिली." तेव्हा हे वाक्य कानावरून जायचं.

आजी निवृत्त झाली तशी कंपाऊंडमधली खोली सोडावी लागली. पैसे किती असणार? आजोबांनी सांगलीत गुंठेवारीचा प्लॉट घेतला. स्वस्त होता. का स्वस्त होता ते पहिल्याच पावसाळ्यात कळलं, तिथे नदी नाही आली तरी नुसत्या पावसाने गुडघाभर साचायचं. पण घर स्वतःचं. आजोबांचा जन्म एका खेड्यात गावकुसाबाहेर, ओढ्याकाठच्या वस्तीत झालेला. एका आयुष्यात माणूस ओढ्याकाठून निघाला, कंपाऊंडच्या कोरड्या जागेत चाळीस वर्षं राहिला आणि म्हातारपणी परत पाण्यात आला.

२०१९ ला आम्ही कपड्यांखेरीज दोन पिशव्या घेऊन निघालो. एका पिशवीत सातबाराचे उतारे, मार्कलिस्टा, बाप्तिस्म्याचे दाखले. दुसरीत आजीचं पवित्र शास्त्र, कारण त्याच्या मागच्या कोऱ्या पानांवर चार पिढ्यांचे जन्म-मृत्यू लिहिलेत. ती पिशवी होडीत चढताना ओली झालीच. मिरजेला मामाकडे पोचल्यावर आई रात्रभर पंख्याखाली एकेक पान सोडवत बसली, मध्ये टाल्कम पावडर टाकून. त्या रविवारी उपासना गच्चीवर झाली. पाळकसाहेबांनी स्तोत्र ४६ वाचायला घेतलं, जे प्रत्येक संकटात वाचतात, त्यात पाणी गर्जतं, डोंगर डळमळतात. मागून एक मावशी पुटपुटली, "दुसरं नाही का हो काही?" सगळे हसले. चार दिवसांत पहिल्यांदा.

जेवण शेजारच्या गणेश मंडळाकडून, पांघरुणं मशिदीच्या लोकांकडून. हे आवर्जून लिहिते, कारण ते तसंच होतं.

---

आंबोळी

@चिंचबन, ते शास्त्र वाचलं का?

---

चिंचबन

वाचलं. फुगून दुप्पट जाड झालंय. मिटत नाही, वर वरवंटा ठेवून मिटवलंय.

---

उलटतपासणी

रंगाचा बेरंग करतो, पण बिशपच्या नोंदींवर एवढा विश्वास का? लंडनला लगेच पुस्तिका छापली ती काय सांगलीकरांनी वाचावी म्हणून? पूर आला, मंडळी निराधार झाली, देवाने शिक्षा केली पण राखलंही, आता मदत पाठवा. मिशनरी लिखाणाचा हा ठरलेला साचा आहे. वर्गणीच्या पावतीपुस्तकाची प्रस्तावना समजून वाचा.

दुसरं, सगळं आलं, पण त्या पेग्विसच्या लोकांचं पुढे काय झालं ते धाग्यात नाही.

---

गावभागवाली

@उलटतपासणी, पहिला मुद्दा बराचसा मान्य. बिशप पुराला देवाची ताडनाच म्हणतात आणि वाचक इंग्लंडातले आहेत हे वाक्यावाक्याला जाणवतं. पण पाणी कुठल्या दिवशी कुठल्या घरात शिरलं हे वर्गणीसाठी खोटं लिहायची गरज नव्हती. साचा ओळखून वाचलं तर आतलं धान्य मिळतं.

दुसऱ्या मुद्द्यासाठी मी दोन दिवस वाचत होते, आणि खरं सांगायचं तर हा धागाच मी चुकीच्या टोकाकडून सुरू केला असं वाटायला लागलंय.

पुरानंतर लगेच, १८५३-५४ मध्ये, सेंट पीटर्सला दगडी चर्च बांधलं. सेलकर्क गावाजवळ ते अजून आहे. भोवती पेग्विसच्या लोकांची राखीव जमीन, नदीकाठची, काळी, सुपीक. सेलकर्क वाढलं तसा त्या जमिनीवर गावातल्या बड्यांचा डोळा गेला. १९०७ मध्ये एक सभा घेऊन, घाईने मतं घेऊन, ती जमीन सरकारकडे सोडून घेतली. लोकांना पाठवलं दूर उत्तरेला, फिशर रिव्हरच्या काठी. तिकडे आज पेग्विस फर्स्ट नेशन (इथे मूळ रहिवाशांच्या समाजाला असं म्हणतात) आहे, विनिपेगपासून पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर. हा व्यवहार कायद्याला धरून नव्हता हे सरकारने मान्य करायला ९० वर्षं गेली, मग १२ कोटी ६० लाख डॉलरची भरपाई ठरली.

आणि फिशर रिव्हरचा काठ म्हणजे सखल, दलदलीचा. २००९, २०११, २०१४ असे पूर आले. २०२२ च्या वसंतात तर आजवरचा सगळ्यात वाईट. हजारावर माणसं घराबाहेर. विनिपेगच्या हॉटेलांत त्यांना ठेवलं होतं, आणि कित्येक कुटुंबं वर्ष उलटलं तरी तिथेच. आमच्या ऑफिसच्या मागच्या हॉटेलच्या लॉबीत मी तेव्हा मुलं खेळताना पाहिली आहेत. सहलीची असतील असं वाटलं होतं.

१८५२ मध्ये उंच काठावर असलेलं चर्च आम्ही गाडी करून बघायला गेलो. त्याच मिशनची माणसं दीडशेहून जास्त वर्षांनी पाण्यात. त्यांच्याकडे या नव्या नदीची आठवणच नव्हती. ती जागा त्यांनी निवडलेलीच नव्हती.

@चिंचबन, तुमच्या आजोबांच्या प्लॉटचं वाचल्यावर हे लिहायला जोर आला.

---

भूजल

यात अभियांत्रिकीची बाजूही आहे. १९५० च्या पुरात विनिपेगमधून लाखभर लोक बाहेर काढावे लागले. मग मुख्यमंत्री डफ रॉब्लिन यांनी शहराला वळसा घालणारा ४७ किमीचा पूरकालवा खणायला घेतला, १९६२ ते ६८. लोक टिंगल करत 'डफचा चर' म्हणायचे. १९९७ मध्ये पाणी १८५२ च्या जवळपास तेवढंच आलं आणि शहर बहुतांशी कोरडं राहिलं. टिंगल बंद.

पण वळवलेलं पाणी हवेत जात नाही. २०११ मध्ये असिनिबॉइनचं पाणी मॅनिटोबा सरोवराकडे वळवलं, तिथून पुढे लेक सेंट मार्टिन फर्स्ट नेशन बुडालं. तिथले लोक कितीतरी वर्षं परत जाऊ शकले नाहीत. कृष्णेचं पुराचं पाणी दुष्काळी भागाकडे नेण्याच्या योजनेवर आपल्याकडे बोलणं चालू आहे. नकाशावर रेघ सरळ दिसते. तिच्या शेवटी कोण राहतं हे कुणीतरी विचारलं पाहिजे.

---

खाडीपलीकडे

वसईतून. आम्ही सामवेदी ख्रिस्ती, कुपारी. आमच्याकडे मिशन येऊन चारशेहून जास्त वर्षं झाली, त्यामुळे आता कोण मिशनचा आणि कोण गावचा हे सांगता येत नाही.

आमचं 'सांगितलेलं पाणी' म्हणजे बावखळ. वाडीतला खोलगट खड्डा, पावसाळ्यात भरणारा, उन्हाळ्यात केळी-पानवेलीला पाणी देणारा. प्रत्येक वाडीत एक तरी. पावसाचं पाणी आधी बावखळात, मग ओहोळाने खाडीला. पुढे बावखळं बुजवून बंगले झाले, कुठे चर्चच्या सणाला गाड्या लावायला जागा हवी म्हणून, हो, तेही. मिठागरांवर भराव पडला. २०१८ च्या जुलैत पाणी चढलं तेव्हा मिठागरातली माणसं अडकली, लोकल बंद, आमच्या घरात तीन दिवस वीज नव्हती. बाबा बाल्कनीत उभे राहून बोट दाखवत होते, "इथे आपलं बावखळ होतं. बघ, पाणी बरोबर तिथेच जाऊन बसलंय."

पाण्याची आठवण माणसापेक्षा पक्की असते बहुतेक. आता काही पोरं उरलेली बावखळं साफ करायच्या मागे लागलीत. त्यांच्यात आमचे धर्मगुरूही आहेत, हातात फावडं घेऊन.

---

आंबोळी

@संगमावरचा, २०१९ नंतर नवा खिळा मारला का?

---

संगमावरचा

मारला की. अण्णांनी स्वतः मारायचा हट्ट धरला. जुना खिळा त्यांच्या गुडघ्याच्या खाली आहे. नव्यासाठी स्टूल आणावं लागलं, मी धरून उभा. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा कुणी खिळ्याकडे बघितलंच नाही. अण्णा सगळ्यात आधी होडीच्या रांगेत जाऊन उभे.